चित्र बघून माणूस काय बोलतो

माणसाला त्याच्या स्वतःच्या बोलीत बोलते कसे करायचे, हा भाषेच्या अभ्यासातला जुना आणि अजून पुरता न सुटलेला प्रश्न आहे. समोर रेकॉर्डर ठेवून ‘बोला’ म्हटले की सिंधुदुर्गातला माणूस हमखास शाळेतल्या मराठीत शिरतो. ‘माका’चे ‘मला’ होते, ‘खंय’चे ‘कुठे’ होते. आल्यागेल्याशी नीट बोलावे, एवढाच त्यामागचा भाव असतो. पण अभ्यासकाला जे हवे होते, नेमके तेवढेच त्यात निसटून जाते.

जॉर्ज ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची मोठी पाहणी केली, तेव्हा त्याने बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट ठिकठिकाणच्या लोकांकडून त्यांच्या बोलीत उतरवून घेतली. मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला आणि त्यात कुडाळीची, म्हणजे सिंधुदुर्गातल्या मालवणीची, दखल आहे. गोष्ट एकच असल्यामुळे बोली शेजारी शेजारी ठेवून पाहता आल्या, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा. तोटा असा की आयती गोष्ट उतरवून काढताना वाक्याची ठेवणही मूळ गोष्टीचीच राहते. पुढे अमृत माधव घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माला हाती घेतली. तिच्यातले ‘कुडाळी’ हे पुस्तक १९६५ सालचे आहे. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसाठी महाराष्ट्रभर बोलींची पाहणी केली. सोनल कुलकर्णी-जोशी तिच्या प्रमुख. त्यांच्या चमूने गोष्ट उतरवून मागितली नाही. छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि काय घडले ते सांगा म्हटले. आणि २०२२ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साहाय्याने ‘वाणी’ हा प्रकल्प सुरू केला. देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलणे गोळा करायचे, यंत्रांना ते ऐकवायचे आणि शिकवायचे, असे त्याचे काम. पहिल्या टप्प्यात जे जिल्हे घेतले त्यांत सिंधुदुर्गही आहे. इथेही युक्ती तीच: माणसाला एक चित्र दाखवायचे आणि ते बघून जे सुचेल ते त्याच्या भाषेत बोलायला सांगायचे.

चित्र पुढे धरून बोलणे ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, ते पिंगुळी याच जिल्ह्यात, कुडाळला लागून आहे. राऊळ महाराजांच्या मठासाठी लोक तिथे जातात, तसे गुढीपूरच्या ठाकर आदिवासी कलावंतांसाठीही जातात. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या या त्यांच्या कला. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ सालची पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराण्याने ‘ठाकर आदिवासी कलांगण’ या नावाने तिथे संग्रहालयही उभे केले आहे. चित्रकथीची पोथी म्हणजे एका आख्यानाच्या चित्रांचा सुटा गठ्ठा असतो. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक सांगून झाले की पान उलटायचे. सुरुवातीला गणपती, मग सरस्वती, आणि मग कथा. सोबत वीणा, हुडूक, टाळ. आख्याने बहुतेक रामायण-महाभारतातली. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता तोवर देवळादेवळांतून हे चालायचे.

संगणकीय भाषाविज्ञान आणि बोधनिक विज्ञान या दोन विषयांत पदव्युत्तर शिक्षण म्हणजे नेमके काय, हे मला पिंगुळीतून सांगावेसे वाटते. त्या विषयांचे मोठमोठे प्रश्न इथे हाताशी आहेत. आणि या बाजूच्या मुलांना त्याची कल्पना कुणी देत नाही, ही मला खरोखर सलणारी गोष्ट आहे.

नावांपासून सुरुवात करू. माणूस भाषा कशी समजतो, कशी लक्षात ठेवतो, जगाकडे बघून तिचे शब्द कसे निवडतो, हे प्रयोगाने तपासणारे शास्त्र ते बोधनिक विज्ञान. यात मानसशास्त्र, मेंदूविज्ञान, भाषाविज्ञान, तत्त्वज्ञान आणि संगणक एकत्र येतात. भाषेची घडण यंत्राला हाताळता येईल अशा रीतीने मांडणे, म्हणजे संगणकीय भाषाविज्ञान. दोघांचा जन्म जवळजवळ एकाच घरातला. ११ सप्टेंबर १९५६ या दिवशी अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत एक परिसंवाद झाला. जॉर्ज मिलर, नोम चॉम्स्की, ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी तिथे आपापले काम मांडले आणि मिलर पुढे त्याच दिवसाला बोधनिक विज्ञानाचा जन्मदिवस मानत असे. हाच मिलर मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या डोक्यात शब्द कसे रचलेले असतात हे शोधता शोधता १९८५ साली त्याने प्रिन्स्टनमध्ये ‘वर्डनेट’ सुरू केले. शब्द अकारविल्हे न लावता अर्थाच्या नात्यांनी जोडायचे: आंबा हे फळ, फांदी हा झाडाचा भाग, उंच आणि ठेंगणे परस्परविरुद्ध. मनाचा नमुना म्हणून मांडलेली ही रचना पुढे संगणकाच्या कामाची ठरली. तिच्यावरून पवईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदी आणि मराठीची वर्डनेट उभारली, गोवा विद्यापीठात कोकणीचे झाले आणि सगळी मिळून ‘इंडोवर्डनेट’ बनले. सावंतवाडीच्या उत्तरेला एक वर्डनेट, दक्षिणेला दुसरे. मधल्या मालवणीचे अजून नाही.

चित्रकथीच्या प्रेक्षकाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने बघितले तर काय दिसते? समोर चित्र आहे, कानावर कथा पडते आहे. डोळे एका जागी ठरत नाहीत. माणसाची नजर सेकंदाला तीनचार उड्या मारते. १९९५ साली मायकेल टॅनेनहाउस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ऐकता ऐकता माणसाची नजर समोरच्या ज्या वस्तूवर जाते, तिच्यावरून त्याला वाक्य कुठवर समजले आहे हे क्षणाक्षणाला मोजता येते. डोळ्यांचा माग घेणारा कॅमेरा, पडद्यावर चारपाच वस्तूंचे चित्र आणि कानाला हेडफोन, एवढीच सामग्री. ही आज या शास्त्राची एक मुख्य पद्धत आहे. जेरी ऑल्टमन आणि युकी कामिदे यांनी १९९९ साली त्यातून फार सुंदर गोष्ट शोधली. इंग्रजीत ‘मुलगा खाईल’ एवढे ऐकले, खाण्याच्या वस्तूचे नाव अजून उच्चारलेही नाही, तोच ऐकणाऱ्याची नजर चित्रातल्या केककडे गेलेली असते. माणूस वाक्याच्या मागून चालत नाही, तो त्याच्या पुढे धावतो.

पण इंग्रजीत क्रियापद आधी येते. मराठीत ते शेवटी. ‘खाईल’ हा शब्द केकच्या नंतरच येणार, मग आपण कशाच्या आधारावर पुढे धावतो? हाच प्रश्न कामिदे आणि तिच्या सहकाऱ्यांनी जपानीला विचारला, कारण जपानीतही क्रियापद शेवटी असते. २००३ साली उत्तर आले: प्रत्ययांच्या आधारावर. ‘वेट्रेसने गिऱ्हाइकाला’ एवढे ऐकताच नजर द्यायच्या वस्तूकडे जाते, क्रियापदाची वाट बघत नाही. हिंदीवर श्रवण वसिष्ठ यांनी केलेले कामही इथे आठवते. कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जास्त शब्द आले की वाचक क्रियापदापाशी अडखळेल, असा सर्वसाधारण अंदाज होता. हिंदीच्या काही वाक्यरचनांत उलटे घडते. मधल्या शब्दांनी शेवटचे क्रियापद आधीच सुचवलेले असते आणि ते लवकर वाचले जाते. इंग्रजीवरून काढलेले निष्कर्ष आपल्या भाषांना जसेच्या तसे लावू नयेत, हे त्यातून दिसले.

मालवणीत ‘-ला’च्या जागी ‘-क’ येतो. माका, तुका, रामाक, घराक. आता विद्यार्थ्याने विचारावा असा प्रश्न: घरी मालवणी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत, ‘गिऱ्हाइकाक’ ऐकून त्याची नजर जितक्या लवकर पुढे जाते, तितक्याच लवकर ‘गिऱ्हाइकाला’ ऐकूनही जाते का? दोन प्रत्यय, एकच काम, एकच डोके. एमएस्सीच्या प्रबंधात मावेल एवढा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सिंधुदुर्गातल्या शाळांतच मिळू शकते. २०१० साली जोसेफ हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रावर टीका केली होती की माणसाच्या मनाबद्दलचे निष्कर्ष फार करून श्रीमंत पाश्चात्त्य देशांतल्या शिकलेल्या लोकांवरच्या, त्यातही कॉलेजच्या मुलांवरच्या, प्रयोगांतून काढले जातात. ती टीका गंभीरपणे घ्यायची तर प्रयोगाची जागा बदलायला हवी. डोळ्यांचा माग घेणारी यंत्रे आता लॅपटॉपला जोडता येतात. ती घेऊन गावात जाता येते.

दुसरी बाजू यंत्राची. मराठीत एकाच शब्दाला किती गोष्टी चिकटतात ते बघा: ‘शेजारणीकडच्यांनासुद्धा’. ‘शेजारीण’चे सामान्यरूप ‘शेजारणी’, त्याला ‘कडे’, त्याला ‘चा’, मग पुन्हा सामान्यरूप आणि अनेकवचन, मग ‘ना’, वर ‘सुद्धा’. इंग्रजीत यासाठी पाचसहा सुटे शब्द लागतील. संगणकाच्या कोशात हा शब्द सापडणार नाही, कारण असे शब्द कोशात घालतच नाहीत, ते बोलताना घडतात. म्हणून शब्द सोलून मूळ शोधणारा कार्यक्रम लागतो, त्याला रूपविश्लेषक म्हणतात. पवईच्याच गटातून २०१० साली मराठीचा असा विश्लेषक मांडला गेला. नामांचे आणि क्रियापदांचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गाचे सामान्यरूप कसे होते ते नियमांत लिहायचे आणि प्रत्यय कोणत्या क्रमाने लागू शकतात याचा नकाशा काढायचा. हे काम नुसत्या प्रोग्रॅमरला जमत नाही. व्याकरण मनापासून शिकलेला माणूस शेजारी बसावा लागतो.

या विश्लेषकापुढे मालवणी वाक्य ठेवू. ‘मी घराक जातंय.’ ‘घराक’ त्याला अनोळखी, हे उघड आहे. खरी फसगत ‘जातंय’मध्ये आहे. हा शब्द पुण्याच्या बोलण्यातही आहे, पण तिथे तो ‘जातं आहे’चा संक्षेप, म्हणून नपुंसकलिंगी: ‘पोरगं शाळेत जातंय.’ मालवणीत मात्र ‘मी जातंय’ म्हणणारा बाप्या असतो, बाईही असते. ते प्रथम पुरुषाचे रूप आहे. ‘तू जातंस’, ‘तो जाता’ असे ते पुढे चालते. यंत्राला अनोळखी शब्द भेटला तर ते निदान थांबते किंवा चुकल्याची खूण तरी देते. इथे शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ ठामपणे चुकीचा लागतो: कर्ता नपुंसकलिंगी धरला जातो, तृतीय पुरुषी धरला जातो, आणि ‘मी’ला जागाच उरत नाही. अशा चुका संख्येच्या तक्त्यात दिसत नाहीत. ज्याच्या कानात दोन्ही बोली आहेत त्यालाच त्या दिसतात.

मग मालवणीसाठी हत्यारे कुणाकडून आणायची, मराठीकडून की कोकणीकडून? ‘माका तुझ्या घराक येवचा आसा.’ यातले ‘माका’, ‘घराक’ आणि ‘आसा’ गोव्याच्या माणसाला आपले वाटतात. ‘तुझ्या’ मराठीलाही आपला. पुल्लिंगी नामे ‘घोडो’, ‘आंबो’ अशी ओकारान्त, म्हणजे पुन्हा गोव्याकडची. ग्रिअर्सनने कुडाळीला कोकणीच्या कुटुंबात ठेवले, जनगणनाही ‘मालवणी’ कोकणीखाली मोजते. आणि मालवणी माणूस स्वतः मराठी वर्तमानपत्र वाचतो, मराठीतून परीक्षा देतो, अर्ज मराठीत भरतो. मी या वादात पडत नाही, कारण संगणकासाठी तो वेगळ्या रीतीने सुटतो. दोन्हीकडचे विश्लेषक घेऊन प्रत्येक वाक्यावर चालवायचे आणि कुठे कोणता उपयोगी पडला ते मोजायचे. उत्तर बहुधा ‘नामासाठी हे, क्रियापदासाठी ते’ असे मिश्र निघेल, आणि ते मिश्र उत्तरच बोलीचे खरे वर्णन असेल.

या कामाला भारतातच घडलेली एक दृष्टी फार उपयोगी पडते. विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी ‘अक्षर भारती’ या गटात पाणिनीच्या कारकविचारावर भाषासंगणनाचा पाया घातला. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९९५ साली आले आणि पुढे हैदराबादच्या आयआयआयटीत ती परंपरा रुजली. वाक्याचे विश्लेषण करताना कोण करतो, काय करतो, कशाने, कुणासाठी, कुठून, हे संबंध आधी धरायचे; प्रत्यय ही त्या संबंधांची केवळ खूण. या दृष्टीने पाहिले तर ‘-ला’ जाऊन ‘-क’ आला तरी आतला सांगाडा जागेवर राहतो. खुणांचा तक्ता बदलायचा, वाक्याची समज तीच. मराठीसाठी केलेल्या कष्टातले बरेचसे मालवणीला वारशाने मिळू शकते.

आज याच्या उलट वाट जास्त वहिवाटीची आहे: नियम लिहू नका, भरपूर मजकूर द्या, यंत्र आपण शिकेल. मराठीत ही वाट पुण्याच्या ‘एल३क्यूब’ गटाने मोठ्या मेहनतीने मोकळी केली. त्यांच्या महाकॉर्पसमध्ये २ कोटी ४८ लाख वाक्ये आहेत आणि त्यावर शिकवलेली प्रारूपे कुणालाही मोफत वापरता येतात. पण त्यातला मोठा भाग बातम्यांचा आहे. म्हणून यंत्राची मराठी ही बातमीची मराठी आहे. मालवणी छापील मजकुरात फार थोडी. तिचे वैभव रंगभूमीवर आणि बोलण्यात. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने आणि मच्छिंद्र कांबळींच्या आवाजाने ती मुंबई-पुण्याला ऐकू आली, पण त्यामुळे कोट्यवधी छापील वाक्ये तयार झाली नाहीत. शिवाय लेखन ठरलेले नाही. ‘आसा’ आणि ‘हा’, ‘खंय’ आणि ‘खय’, एकाच घरातली दोन माणसे दोन तऱ्हेने लिहितात. केंद्र सरकारची ‘भाषिणी’ योजना मुख्यतः राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांसाठी आहे, आणि मालवणीचे नाव त्या यादीत स्वतंत्रपणे येत नाही.

म्हणून आवाज गोळा करणे, आणि म्हणून पुन्हा चित्र.

‘वाणी’ने गोळा केलेल्या आवाजांतला बराचसा भाग अजून लिहून काढलेला नाही. लिहून काढणे म्हणजे काय, ते एका मिनिटापुरते सांगतो. चित्रकथीच्या सादरीकरणातला एक मिनिट ‘एलान’ या मोफत मिळणाऱ्या कार्यक्रमात उघडायचा. वर व्हिडिओ, खाली आवाजाची लाट, त्याखाली आडव्या पट्ट्या. पहिल्या पट्टीत बोलणे जसेच्या तसे. श्वास, अडखळणे, ‘तर मग काय’ सगळे धरून. दुसऱ्या पट्टीत शब्द तोडून प्रत्येकाखाली मूळ आणि प्रत्यय. तिसरीत प्रमाण मराठी. चौथीत कोणते चित्र समोर आहे आणि सांगणाऱ्याचा हात कुठे आहे. पाचवीत हे गद्य आहे की गायन. सहावीत बोलणारा कोण: कथा सांगणारा स्वतः, की त्याच्या तोंडून बोलणारा हनुमान. प्रत्येक पट्टीत कुठून कुठवर ते सेकंदाच्या शतांशापर्यंत टिपायचे. हुडुकाच्या आवाजाखाली एखादा प्रत्यय बुडाला तर दहादा ऐकायचे. एका मिनिटाला तास सहज लागतो, कधी जास्त. कंटाळवाणे वाटेल, पण या शास्त्रातले बहुतेक चांगले शोध अशा पट्ट्यांवर वाकून बसलेल्या माणसांना लागले आहेत.

आणि या पट्ट्या भरल्या की एक मोठा फरक डोळ्यांसमोर येतो. यंत्राला शिकवताना चित्राखाली ओळ लिहिली जाते: ‘एक माणूस नदीकाठी उभा आहे.’ जे दिसते ते सांगितले, संपले. चित्रकथी सांगणारा असे बोलत नाही. चित्रात रथ उभा असेल तर तो रथ कुठून आला, कुणी धाडला, आत बसलेल्याच्या मनात काय आहे आणि आता काय होणार, हे सांगतो. चित्रात नसलेलेच तो जास्त बोलतो. चित्र हा त्याच्या स्मरणाचा आधार आहे आणि ऐकणाऱ्याच्या नजरेला बसायला जागा. डेव्हिड रुबिन यांनी १९९५ साली मौखिक परंपरांवर लिहिताना हेच मांडले की ताल, यमक, अर्थ आणि डोळ्यांपुढची प्रतिमा हे सगळे मिळून पुढचा शब्द ठरवतात. यांपैकी एकटे काहीच पाठांतर धरून ठेवत नाही. पिंगुळीत त्यातली प्रतिमा कागदावर आहे, क्रमाने आहे, हाताने उलटली जाते. चित्राचा क्रम बदलला तर कथा अडखळते का, आणि वीणा थांबली तर? हे प्रश्न परंपरेचा मान राखून, कलावंताच्या संमतीने विचारता येण्यासारखे आहेत.

वर्णन आणि कथन यांतला हा भेद पूर्वीही टिपला गेला आहे. १९७५ साली वॉलेस चेफ यांनी बर्कलीत सहा मिनिटांचा एक संवादहीन चित्रपट बनवला. एक माणूस झाडावरून पेअर काढतो, सायकलवरचा मुलगा टोपली पळवतो. तो देशोदेशी दाखवून लोकांना ‘काय पाहिले’ विचारले. डेबोरा टॅनेन यांनी अमेरिकन आणि ग्रीक बायकांची उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा अमेरिकन बायका चित्रपटात काय काय होते ते नेमके आठवायच्या मागे होत्या, तर ग्रीक बायका माणसे अशी का वागली ते सांगत होत्या. तशीच मर्सर मेयर यांची १९६९ सालची बेडकाची बिनशब्दांची गोष्ट. ती दाखवून रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी पाच भाषांतली मुले आणि मोठी माणसे बोलती केली. ढोलीतून घुबड बाहेर येते ते चित्र त्यात गाजलेले. कशा रीतीने आले ते काही भाषा क्रियापदातच सांगतात, काहींत नुसते ‘बाहेर आले’. मराठी माणूस ‘भुर्रकन बाहेर आलं’ म्हणतो. रीत सांगायला त्याच्याकडे भुर्रकन, सर्रकन, टुण्णकन असा वेगळाच साठा आहे. मालवणीत तो साठा कोणता आणि चित्रकथीच्या कथनात तो कुठे वापरला जातो, हे पाहायला मला स्वतःला फार आवडेल.

पदव्या आता थोडक्यात. कुडाळच्या कॉलेजात मराठी घेऊन बीए झालेल्या मुलीला भाषाविज्ञानाचे एमए मुंबई विद्यापीठात किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात करता येते. बोधनिक विज्ञानाची, म्हणजे कॉग्निटिव्ह सायन्सची, एमएस्सी आयआयटी गांधीनगर आणि आयआयटी दिल्ली इथे आहे. अलाहाबाद विद्यापीठाचे केंद्र या विषयातले जुने, २००२ सालचे. आयआयटी कानपूरला त्याचा स्वतंत्र विभाग आहे. संगणकीय बाजू हवी असेल तर हैदराबादची आयआयआयटी आणि पवई. गेट परीक्षेत २०२१ पासून मानव्यविद्यांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे आणि तिच्यात भाषाविज्ञान हा विषय निवडता येतो. इंजिनिअर नसणाऱ्यांसाठी ते दार महत्त्वाचे आहे. संख्याशास्त्राची भीती मात्र घालवावी लागते, त्यातून सुटका नाही, कारण नजर केककडे ‘लवकर’ गेली की योगायोगाने गेली, हे संख्याशास्त्रच सांगते. पायथन सहा महिन्यांत कामापुरते येते. ‘मी जातंय’मधली फसगत ओळखायला मात्र जन्म मालवणीत काढलेला असावा लागतो आणि तो अभ्यासक्रम कुठल्याच विद्यापीठात नाही. या शास्त्राला त्याच माणसांची सगळ्यात जास्त चणचण आहे.

मी एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंध सुचवला तर तो असा असेल. पोथीतली मोजकी चित्रे निवडायची, कथा सर्वांना माहीत असलेली. ती आधी चित्रकथी सादर करणाऱ्याला दाखवायची, मग त्याच वाडीतल्या पण कला न करणाऱ्या माणसांना, मग चित्र बघून मजकूर लिहिणाऱ्या यंत्राला. तिघांचे बोलणे सहा पट्ट्यांवर मांडायचे आणि मोजायचे: भूतकाळ किती, ‘मग’ आणि ‘तेव्हा’ किती, दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य किती, चित्रात नसलेली वस्तू किती वेळा आली. त्यासाठी दोन मार्गदर्शक लागतील, एक विद्यापीठातला आणि एक गुढीपुरातला. दुसऱ्याला मानधन मिळायला हवे आणि प्रबंधावर त्याचे नावही. आणि ध्वनिमुद्रण करण्याआधी करार त्याच्या भाषेत वाचून दाखवायला हवा: हे मुद्रण कुठे राहणार, कोण वापरणार, त्यावर शिकून एखादे यंत्र उद्या चित्रकथी सांगू लागले तर त्यातला वाटा कुणाचा. चित्रकथी ही त्यांची रोजीरोटी आहे. तेव्हा या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाच्या आराखड्यातच, पहिल्या पानावर लिहावे लागेल.